गोल्फचा पहिला सेट: आधी टेप काढा, मग पाकीट

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या खेळाच्या दुकानात क्रिकेटच्या बॅटी दहा प्रकारच्या दाखवतील, पण गोल्फची स्टिक सहसा एकही नसते. त्यामुळे आपल्याकडे पहिला सेट तीन वाटांनी येतो: ऑनलाइन मागवलेला खोका, पुण्या-मुंबईतल्या कुणाचा तरी जुना सेट, नाहीतर दुबई-अमेरिकेतल्या पाहुण्याने सामानातून आणलेला. तिन्ही वाटांची अडचण एकच. घेण्याआधी स्टिक हातात धरून बघता येत नाही. म्हणून घरी बसून जेवढं मोजता येतं तेवढं आधी मोजायचं आणि मग त्या मापाची स्टिक शोधायची. उलटं केलं की पहिलं वर्ष चुकीच्या काठीशी झगडण्यात जातं.

शब्दाचा घोळ सुरुवातीलाच मिटवू. इंग्रजीत काठीही ‘क्लब’ आणि मैदान चालवणारी संस्थाही ‘क्लब’. त्यात आपल्या शेजारच्या नाशिकच्या ‘गोल्फ क्लब मैदाना’वर रणजीचे क्रिकेट सामने होतात. म्हणून इथे काठीला सरळ स्टिक म्हटलं आहे. तिचे भाग तीन: खाली चेंडूला लागतं ते हेड, मधला दांडा म्हणजे शाफ्ट आणि वर धरायची रबरी ग्रिप. हेडच्या पुढच्या पृष्ठभागाला फेस म्हणतात आणि तो मागे किती कललेला आहे त्याला लॉफ्ट, तो अंशांत मोजतात. लॉफ्ट जितका जास्त, तितका चेंडू उंच आणि जवळ पडतो.

चौदा नकोत, सात पुरे

नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक ठेवता येतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ही मर्यादा १९३८ साली घातली, कारण त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस स्टिक घेऊन फिरत. चौदा ही वरची हद्द आहे, तेवढ्या असायलाच हव्यात असं नाही.

आयर्न म्हणजे चपट्या धातूच्या हेडच्या, नंबर घातलेल्या स्टिक; नंबर वाढला की लॉफ्ट वाढतो आणि शाफ्ट आखूड होतो. मुरलेल्या खेळाडूच्या शेजारशेजारच्या नंबरच्या दोन आयर्नमध्ये १० ते १५ यार्डांचा फरक पडतो. नवशिक्याचा सात नंबरच्या आयर्नने मारलेला एक चेंडू १२० यार्ड जातो आणि पुढचा ७०. अशा वेळी सहा नंबर, सात नंबर आणि आठ नंबर अशा तिन्ही स्टिक जवळ असून काय करणार? तिन्हीचे चेंडू एकाच पट्ट्यात पडतात. कमी स्टिक असल्या की प्रत्येकीला जास्त फटके मिळतात आणि हात लवकर बसतो.

पहिल्या वर्षासाठी हा संच पुरतो: १८ अंशांचा पाच नंबर वुड (फुगीर हेडची, लांब फटक्याची स्टिक), साधारण २५ अंशांचा पाच नंबर हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधली), सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यासाठी), ५६ अंशांचा सँड वेज (वाळूतून चेंडू काढायला) आणि एक पटर (चेंडू खळग्यात ढकलायला). झाल्या सात. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची स्टिक, यात मुद्दाम नाही, त्याचं कारण पुढे येईल. बॅगही हलकी राहते. भरलेला पूर्ण सेट १२-१४ किलोंपर्यंत जातो, अर्धा सेट त्याच्या निम्म्यात बसतो. ट्रॅव्हल्सच्या डिकीत किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसच्या बर्थखाली बॅग सरकवताना हा फरक कळतो.

तीन, चार आणि पाच नंबरचे आयर्न फुकट मिळाले तरी पहिल्या वर्षी बॅगेत ठेवू नका. त्यांचा लॉफ्ट कमी आणि शाफ्ट लांब असतो, त्यामुळे चेंडू हवेत उठवायला वेग लागतो आणि तो वेग अजून आलेला नसतो. हायब्रिडचं वजन खाली आणि मागे असतं, म्हणून तोच फटका त्याने सोपा जातो.

उजवा की डावा

इथे क्रिकेट खेळलेल्यांची हमखास चूक होते. जेवण आणि लिखाण उजव्या हाताने, पण बॅटिंग डावखुरी, अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांनी सेट कोणता घ्यावा? बॅट धरून उभे राहता तीच बाजू गोल्फलाही नैसर्गिक असते. खात्री करायला दोन हातांनी केर काढायचा लांब झाडू धरा आणि जमिनीवरची बाटलीची टोपी लांब उडवा. तीन-चार वेळा विचार न करता करा. ज्या बाजूला शरीर आपोआप वळतं, ती तुमची बाजू.

डावखुरा सेट निघाला तर एक गोष्ट धरून चला. जुन्या बाजारात डावे सेट फार कमी येतात, त्यामुळे नव्याचंच गणित मांडावं लागतं. बाजू ठरल्यावर ग्लव्हचं उलटं असतं हेही लक्षात ठेवा. उजव्या बाजूने खेळणारा ग्लव्ह डाव्या हातात घालतो. ऑनलाइन मागवताना ‘उजव्या खेळाडूसाठी’ आणि ‘उजव्या हाताचा’ यात पुष्कळ जणांची फसगत होते.

मनगटापासून जमीन

नुसती उंची पुरत नाही. साडेपाच फुटांच्या दोन माणसांपैकी एकाचे हात लांब असतील तर त्याला आखूड स्टिक लागते. मोजायचं ते मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर.

खेळताना घालाल तेच बूट घालून फरशीवर सरळ उभे राहा. हात बाजूला सैल सोडा, खांदे उचलू नका. मनगटावर हाताचा पंजा सुरू होतो तिथे जी आडवी घडी पडते, तिथून फरशीपर्यंत शिंप्याच्या टेपने दुसऱ्या माणसाला मोजू द्या. स्वतः मोजायला वाकलात की माप इंचभर चुकतं. दोन्ही हातांचं माप घ्या आणि सरासरी धरा.

अंतर ३४ ते ३६ इंच आलं तर पुरुषांचा स्टँडर्ड लांबीचा सेट चालतो. ३२ ते ३४ मध्ये आलं तर स्टँडर्डपेक्षा अर्धा इंच आखूड हवा. ३७ च्या वर गेलं तर अर्धा इंच लांब. ३२ च्या खाली असेल तर महिलांचा स्टँडर्ड सेट बघा, तो पुरुषांच्या सेटपेक्षा साधारण इंचभर आखूड असतो. कंपनीगणिक पाव इंचाचा फरक पडतो, त्याची चिंता नको. पुरुषांच्या स्टँडर्ड सात नंबर आयर्नची लांबी ३७ इंचांच्या आसपास असते आणि प्रत्येक नंबरमागे अर्धा इंच कमी होत जाते.

साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला अर्धा इंच आखूड सेट शोधत बसायची गरज नाही. स्टँडर्ड घ्यायचा आणि ग्रिप अर्धा इंच खाली धरायची. शाफ्ट कापायची घाई करू नका. कापायचाच झाला तर ग्रिपच्या बाजूने कापतात, हेडच्या बाजूने कधीच नाही, कारण खालचं टोक कापलं की शाफ्ट कडक होतो. ग्रिपकडून अर्धा इंच कापला तरी हेड हाताला हलकं लागू लागतं. मुलांसाठी मोठ्यांचा जुना सेट कापून देणं तर सर्वांत वाईट. आखूड झालेला शाफ्ट वाकत नाही, हेड मात्र मोठ्या माणसाचंच राहतं, आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मुलांचे सेट त्यांच्या उंचीप्रमाणे वेगळे मिळतात.

लांबीच्या जोडीला लाय नावाचा कोन असतो. फावड्याचं उदाहरण घ्या. पातं दांड्याला ज्या कोनात बसवलेलं असतं, त्यावर ते जमिनीला सपाट लागेल की एका कोपऱ्याने, हे ठरतं. दांडा तुमच्या मानाने लांब असला की तो जास्त आडवा होतो आणि हेडचं पुढचं टोक हवेत उचललं जातं. मग उजव्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. स्टिक आखूड पडली तर उलट, हेडची टाच, म्हणजे शाफ्टकडची बाजू, उचलली जाते आणि चेंडू उजवीकडे. तुम्ही फटका दुरुस्त करत राहता, आणि चूक असते कोनाची.

शाफ्ट: इथे नावाला भुलू नका

आयर्नचा स्टीलचा शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅमचा असतो, ग्रॅफाइटचा ५० ते ८० ग्रॅमचा. स्टील स्वस्त, टिकाऊ, आणि हेड कुठे आहे ते हाताला नीट सांगतं. ग्रॅफाइट हलकं, हादरा कमी देतं. चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसाने आयर्नला हलकं स्टील घ्यावं. कोपर, मनगट किंवा खांदा आधीच कुरकुरत असेल, किंवा पन्नाशी उलटली असेल, तर ग्रॅफाइट. वुड आणि ड्रायव्हरला ग्रॅफाइटच असतं, तिथे निवडीचा प्रश्न येत नाही.

शाफ्ट किती वाकतो ते एका अक्षराने लिहिलेलं असतं: एल महिलांचा, ए किंवा सीनियर, आर रेग्युलर, एस स्टिफ, एक्स त्याहून कडक. ड्रायव्हर फिरवताना हेडचा वेग ताशी १३५ ते १५० किलोमीटर असेल तर आर, त्याखाली ए, १५० च्या वर गेला तर एस, असा ढोबळ हिशेब असतो. हा वेग घरी कळत नाही. त्यामुळे शंका असली की आर. क्रिकेटमध्ये जोरात बॉलिंग टाकणारे स्वतःला एस समजतात, पण गोल्फचा वेग दंडातून कमी आणि शरीराच्या वळण्यातून जास्त येतो, आणि ते वळणं शिकायला महिने लागतात. तोवर एस शाफ्ट वाकतच नाही, फेस उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून, राहतो आणि चेंडू ठेंगणा आणि उजवीकडे जातो. जरा मऊ शाफ्टने होणारं नुकसान त्यामानाने किरकोळ आहे.

हेड: परात घ्या, पाटा नको

आयर्नच्या हेडची मागची बाजू बघा. सपाट, बारीक, पाट्यासारखी असेल तर ते ब्लेड. चेंडू मधोमध लागला तरच ते साथ देतं. मागे परातीसारखा खोलगटपणा आणि कडेला जाड काठ असेल तर ते कॅव्हिटी बॅक. वजन कडेला सरकवल्यामुळे चेंडू फेसच्या टोकाला लागला तरी हेड कमी फिरतं. पिंग कंपनीचा संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हा इंजिनिअर, त्याने १९५९ साली याच तत्त्वावर पटर बनवला. चेंडू लागल्यावर त्यातून जो ‘पिंग’ आवाज यायचा, त्यावरून कंपनीचं नाव पडलं. नवशिक्याने कॅव्हिटी बॅकच घ्यावा. तळ रुंद असलेला घेतला तर आणखी बरं, तो जमिनीत रुतत नाही.

आता एक सापळा. आयर्नवरचा आकडा म्हणजे लॉफ्ट नव्हे. जुन्या सेटमधला सात नंबर ३४-३५ अंशांचा असतो, आजच्या कित्येक सेटमधला २८-३० अंशांचा. त्यामुळे नवा सात नंबर लांब मारतो असं वाटतं, पण तो खरा जुना सहा किंवा पाच आहे. याचा त्रास खालच्या टोकाला होतो. पिचिंग वेज ४३ अंशांवर आला आणि पुढचा सँड वेज ५६ चा, तर मध्ये १३ अंशांची खिंड पडते. ६०-७० यार्डांवरून कोणतीच स्टिक बरोबर बसत नाही. म्हणून सेट ठरवताना पिचिंग वेजचा लॉफ्ट विचारा. ४५-४६ असेल तर पुढे ५६ चालतो. ४३-४४ असेल तर पुढेमागे ५० अंशांचा एक गॅप वेज लागणार हे धरून ठेवा.

सँड वेजवर दुसरा आकडा असतो, बाउन्सचा. तळाच्या मानाने हेडची पुढची कड जमिनीपासून किती अंश उचललेली आहे ते तो सांगतो. १० ते १४ च्या मधला घ्या. कमी बाउन्सचा वेज वाळूत खणत जातो.

ड्रायव्हर नंतर का

ड्रायव्हर ही बॅगेतली सर्वांत लांब स्टिक, ४५ इंचांच्या वर, आणि तिचा लॉफ्ट पटर सोडला तर सर्वांत कमी. लांबीमुळे चेंडू मधोमध लागत नाही, आणि लॉफ्ट कमी असला की फेस जरा उघडा राहिला तरी चेंडू उजवीकडे केळीसारखा वळतो. रावेर-यावलच्या वाचकाला तो आकार वेगळा समजावून सांगायला नको. १८ अंशांच्या वुडने तोच चुकलेला फटका मैदानात तरी राहतो. टी-बॉक्सवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, वुड मारायला कोणी हसत नाही, हसला तर त्याचा चेंडू कुठे पडतो ते बघा.

तीन-चार महिन्यांनी वुड बऱ्यापैकी सरळ जाऊ लागलं की ड्रायव्हर घ्या, तो १०.५ अंशांपेक्षा कमी नको, १२ असला तर उत्तम. हेड ४६० घनसेंटिमीटरचं, म्हणजे नियमात बसणारं सर्वांत मोठं. नऊ अंशांचा ड्रायव्हर कोणी स्वस्तात देत असेल तर तो का देतोय ते आता कळलं असेल.

पटर

१८ खळग्यांच्या साध्या खेळात पटर ३० पेक्षा जास्त वेळा हातात येतो, आणि खरेदीत सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. लांबी ३३ ते ३५ इंचांत असते. तुम्ही वाकून उभे राहिल्यावर डोळे चेंडूच्या बरोबर वर यायला हवेत. नाकाच्या वरच्या टोकाशी एक चेंडू धरा आणि सोडा. जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या जरासा अलीकडे पडला तर लांबी बरोबर. पायांच्या बाजूला फार अलीकडे पडत असेल तर पटर लांब आहे.

शाफ्ट एका बोटावर आडवा तोलून बघा. फेस आकाशाकडे राहिला तर तो सरळ मागे-पुढे फटका मारणाऱ्याला बरा. टोक खाली झुकलं तर थोडी कमान करून मारणाऱ्याला. अजून स्वतःची पद्धत कळलेली नसेल तर पहिला प्रकार घ्या, त्यातही मागे मोठं हेड असलेला मॅलेट. सराव सतरंजीवर होतो. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. पाणी प्यायचा स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात चेंडू घालायला शिकलात की मैदानावरचा खळगा घागरीएवढा दिसतो.

नवा खोका की जुना सेट

नव्या बॉक्स सेटचा फायदा म्हणजे सगळं एका मापाचं, बॅगसकट येतं. तोटा म्हणजे ‘१२ पीस’ लिहिलेल्या खोक्यात बॅग आणि हेडची कव्हरंही पीस म्हणून मोजलेली असू शकतात. स्टिक किती ते मोजून घ्या, आणि लॉफ्टचा तक्ता न देणाऱ्याकडून घेऊ नका. बजेट ठरवताना एकूण रकमेतला पाचवा हिस्सा शिकवणीसाठी बाजूला काढा. पुण्या-मुंबईच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, भाड्याने सात नंबर घेऊन, शिकवणाऱ्यासमोर शंभर चेंडू मारून आलेला माणूस खरेदीत क्वचित फसतो.

चांगल्या कंपनीचा सात-आठ वर्षं जुना कॅव्हिटी बॅक सेट हा त्याच पैशातल्या नव्या, अनोळखी नावाच्या सेटपेक्षा बरा. फक्त तपासता आला पाहिजे. तपासणी अशी:

१. सगळे आयर्न भिंतीला टेकवून नंबरप्रमाणे उभे करा. वरची टोकं अर्ध्या-अर्ध्या इंचाने एका तिरप्या रेषेत उतरली पाहिजेत. एखादं टोक रेषा सोडत असेल तर त्याचा शाफ्ट बदललेला आहे.

२. हेड आणि शाफ्टच्या सांध्यावर काळी प्लॅस्टिकची बारीक कडी असते, तिला फेरूल म्हणतात. ती वर सरकलेली असेल, खाली फट दिसत असेल, तर आतला इपॉक्सी गोंद सैल झाला आहे. एका हाताने ग्रिप घट्ट धरून दुसऱ्याने हेड पिळा. कणभरही हललं तर नको. असं हेड फटक्यात सुटतं आणि शेजारच्याला लागतं.

३. स्टीलचा शाफ्ट कोटा किंवा शहाबादी फरशीवर, हेड कडेच्या बाहेर ठेवून, लोळवा. डोलला तर वाकलेला आहे. वाकलेला शाफ्ट सरळ करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

४. ग्रॅफाइट शाफ्टवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने वरून खालपर्यंत फिरवा. कापूस आपल्याकडे कुणाच्याही घरात सापडेल. जिथे तंतू अडकतील तिथे कार्बनचे धागे सुटले आहेत. बॅगेच्या तोंडाशी घासल्याचे वरवरचे पट्टे चालतात, तंतू अडकवणारी चीर चालत नाही.

५. वुड किंवा ड्रायव्हरचं हेड कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळत असेल तर गोंदाचा तुकडा सुटला असेल, तेवढं खपवून घेता येतं. फेसवर नखाने आडवं ओढून बघा, नख अडकलं तर केसाएवढा तडा आहे. बोटाच्या सांध्याने टिचकी मारा, मधूनच बद्द आवाज आला तर सोडून द्या.

६. वेजच्या खाचांत नख घाला. नख थांबत नसेल तर खाचा झिजल्या आहेत. आयर्नच्या खाचांकडे एवढं बघायला नको, नवशिक्याला त्याने फरक पडत नाही.

७. नामांकित कंपन्यांचे नकली सेट पुष्कळ फिरतात. ‘टायटॅनियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या फेसला लोहचुंबक लावा. चिकटला तर ते टायटॅनियम नाही. सांध्याच्या नळीवर कोरलेला क्रमांक असतो, त्याचा फोटो मागवा आणि कंपनीकडे विचारा. क्रमांकाचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की बोलणं तिथेच थांबवा.

पाहुण्याकडून परदेशातून मागवत असाल तर स्टिक विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, चेक-इन करावी लागते. ड्रायव्हरची मान बॅगेत मोडते. बॅगेत सर्वांत लांब स्टिकपेक्षा उंच असा झाडूचा दांडा उभा घाला, म्हणजे वरून पडलेला भार दांडा घेतो.

ग्रिप घरी बदला

जुन्या सेटच्या ग्रिप गुळगुळीत, चकचकीत किंवा दगडासारख्या झालेल्या असतात. माणूस मग जास्त आवळून धरतो, हात ताठतात आणि फटका जातो. सेटच्या भावात दुरुस्ती धरायची ती याच कामाची. आकार असा बघा: ग्रिप धरल्यावर वरच्या हाताची मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या गादीला नुसती टेकली पाहिजेत. बोटं गादीत रुतत असतील तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहत असेल तर जाड.

हुकासारख्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरून काढा. पातं नेहमी शरीरापासून दूर ओढायचं. ग्रॅफाइटवर पातं खाली दाबू नका, धागे कापले जातात. जुनी टेप खरवडून काढा, हेअर ड्रायरची ऊब दिली तर लवकर सुटते, ग्रॅफाइटला मात्र ऊब अगदी हलकी. शाफ्ट पुसून कोरडा करा. शाफ्टवर २५ सेंटिमीटर लांबीची दुतर्फा चिकटणारी टेप लावा आणि वरच्या टोकाला अर्धा इंच जास्त ठेवून ती नळीच्या आत दुमडा. नव्या ग्रिपच्या टोकाचं बारीक भोक बोटाने बंद करून आत पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन ओता, तोंड दाबून हलवा आणि तेच टर्पेंटाइन टेपवर सगळीकडे ओतून टेप ओली करा. खाली ट्रे ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. लगेच, एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवा. मध्ये थांबलात की ती तिथेच बसते. ग्रिपवरची खूण फेसच्या कडेशी जुळवा, टोक जमिनीवर हलकं आपटा आणि २४ तास हात लावू नका. सरकत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी टर्पेंटाइन ओतताना बहुधा हात आखडता घेतलेला असतो.

काळी माती आणि मे महिना

मळ्यात सराव करायचा मोह होणारच. पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगड होते आणि पावसात चिखल होऊन हेडला चिकटते. कडक जमिनीवर हेड आपटून उसळतं, चेंडूचा माथा लागतो आणि हादरा मनगटात जातो. काथ्याचं जाड पायपुसणं घ्या, खाली रबराचा तुकडा घाला आणि चेंडू त्यावर ठेवा. समोर दोन-तीन मीटरवर जाळी ढिली टांगा, ताणून बांधली तर चेंडू परत अंगावर येतो. जाळी नसेल तर फक्त भोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू. खरा चेंडू ४५ ग्रॅमचा असला तरी दोन शेतांपलीकडच्या माणसाचं डोकं फोडू शकतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. इपॉक्सी मऊ होतो, फेरूल सरकतं, ग्रिपखालची टेप वितळून ग्रिप फिरू लागते. बॅग डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, घरात पलंगाखाली ठेवा. पावसाळ्यात खेळून आल्यावर स्टीलचे शाफ्ट पुसून, बॅगेबाहेर रात्रभर उभे ठेवा.

हातात आल्यावर पहिला तास

सेट घरी आला की सात नंबर घ्या. चेंडूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने ठळक उभी रेघ ओढा. रेघ फेसकडे, म्हणजे चेंडू जिकडे मारायचा त्याच्या उलट बाजूला राहील असा चेंडू पायपुसण्यावर ठेवा आणि मारा. फेसवर रेघ उमटते. ती खाचांना काटकोनात उभी असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक हेडच्या पुढच्या टोकाकडे झुकलं असेल तर हेड पुढून उचललं जातंय. ग्रिप अर्धा इंच खाली धरून पुन्हा मारा. वरचं टोक शाफ्टकडे झुकलं असेल तर टाच उचलली जातेय, स्टिक आखूड पडते. दहा फटके मारा, प्रत्येक वेळी फेस पुसा आणि दहापैकी सात काय सांगतात ते लिहून ठेवा. लाय दोन-तीन अंश वाकवून देण्याचं काम मोठ्या शहरातल्या गोल्फच्या दुकानात होतं, आणि तिथे जाताना हा कागद सोबत असला की काम पहिल्या खेपेला होतं.